दोन डाव्या बाह्या

ताईने सकाळपासून तिसऱ्यांदा कात्रीला धार लावायला घेतली, तेव्हा अण्णा एका सदऱ्याला काज करता करता म्हणाले, "कात्रीचं काही चुकलेलं नाही."

ताईने आपल्या वडिलांचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुकानाची खिडकी उघडली, वारा लागतो म्हणून लावली, उकडतं म्हणून परत उघडली. टेबलावर धाकट्या बहिणीच्या कोटाचं राखाडी लोकरी कापड पडलं होतं. धाकटीला दूरच्या शहरात, गणवेशाच्या कारखान्यात कापणीची नोकरी लागली होती. गाडी आजच पाचला होती. तिकडे थंडी फार, म्हणून ताईने आपण होऊन कोट शिवायला घेतला होता.

नोकरीची जाहिरात आधी ताईच्याच हाती लागली होती. दोन दिवस तिने ती मापांच्या वहीत दडवली आणि तिसऱ्या दिवशी धाकटीपुढे टाकली. "तू जा. अण्णांजवळ मी आहे." जिन्यावरून पडल्यापासून अण्णांचा एक पाय कामातून गेला होता, तेव्हा कोणीतरी राहणं भागच होतं. शेजारणी ताईच्या मोठ्या मनाचं कौतुक करून थकत नव्हत्या. मोठं मन कसलं? धाकटी बॅग भरताना गुणगुणायला लागली की ताईच्या अंगाचा तिळपापड होई, आणि मागोमाग स्वतःचीच लाज वाटे. सख्ख्या बहिणीचं बरं झालेलं बघवत नाही, कसली बाई आहेस तू? मग ती धाकटीशी दुप्पट गोड बोले.

कोटाचं अंग शिवून झालं होतं, बाह्याच राहिल्या होत्या, आणि कापड जेमतेम होतं. घडी घालून दोन्ही बाह्या एकदम काढायला जागा नव्हती. अशा वेळी एक बाही कापायची, खाक्याचा कागद पालथा घालायचा आणि मग दुसरी कापायची, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. शिंप्याच्या घरात हे पोरांना चालायच्या आधी कळतं. पण आतल्या खोलीतून पुन्हा गुणगुणणं आलं. ताईचे दात आवळले गेले, तिने ते मुद्दाम सोडवले, चेहरा हसरा केला आणि कागद तसाच ठेवून कात्री चालवली.

दोन्ही बाह्या डाव्या.

तिने चिंध्या जुळवून पाहिल्या. पाणी प्यायली. पुन्हा चिंध्या जुळवल्या. उरलेल्या कापडात तर खिसासुद्धा बसत नव्हता. शेवटी तिने दुसरी डावी बाहीच दामटून उजवीकडे कच्च्या टाक्यांनी जोडली आणि धाकटीला हाक मारली.

"छान बसलाय," ताई गोड आवाजात म्हणाली.

"हा हात मागे ओढतोय, ताई."

"सवय होईल."

धाकटी आरशापुढे उभी राहिली, बाही नीट निरखली. "ही डावी आहे. कागद पालथा घालायचा, हे तूच मला शिकवलंस. तू कशी चुकलीस?"

ताईला कात्री, उजेड, कापड, सगळ्यांवर ढकलता आलं असतं. पण आता तिला गोड बोलण्याचाच वीट आला होता.

"मला तुझा हेवा वाटतो, म्हणून," ती म्हणाली. "तुझी गाडी चुकावी असं सकाळपासून वाटतंय. तुझं भलं व्हावं असंही वाटतं, पण आज ते कमी वाटतंय. अशी आहे मी."

धाकटी कोटासकट स्टुलावर बसली. "महिनाभर तू नुसती हसतेस," ती म्हणाली. "मला वाटलं, मी जातेय त्याचं तुला काहीच नाही."

मग अण्णांनी दोरा दातांनी तोडला.

"मला तुम्हा दोघींचाही राग येतो," ते म्हणाले. "हिचा जाते म्हणून, तुझा माझ्यापायी राहतेस म्हणून. येतो तर येतो. काज करायचं थांबत नाही."

ताईला हसू आलं, आणि ते तिने मुद्दाम आणलेलं नव्हतं. आतला हेवा मात्र होता तिथेच होता. तिने त्याला दटावलं नाही, की समजूत घातली नाही.

"उलटी बाजू वर घेतली तर ही बाही उजवी होईल," ती धाकटीला म्हणाली. "पण उलटी बाजू फिकी आहे. दिसेल."

"दिसू दे. कोणी विचारलं तर सांगेन, बहिणीने रागात शिवलाय."

ताईने टाके उसवले, बाही उलटी केली आणि मशीनवर बसली. गाडी चुकावी असं तिला शेवटच्या टाक्यापर्यंत वाटत होतं. कोट तिने साडेतीनलाच तयार केला.