मोआबीचं रान

मोआबीच्या उंच झाडांची फळं पडायला लागली की मेंगेच्या आईचा पाय घरात ठरत नसे. पहाटेच पाठीवर टोपली घेऊन ती मुलींसकट घरामागच्या रानात शिरे. उंचावरून फळ धप्पकन पडलं की ओरडे, "डोकी सांभाळा गं!" मग बिया फोडायच्या, वाळवायच्या, कुटून पिळायच्या. त्या तेलात तळलेल्या केळ्यांचा वास मेंगेला सत्तरीतही आठवतो.

दक्षिण कॅमेरूनमधल्या त्या गावात कुणाचं रान कुठवर, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. कागद मात्र कुणाकडेच नव्हता. आई गेली, आणि पुढं शहरातली माणसं जमिनी मागत फिरू लागली. तेव्हा मेंगेच्या थोरल्या भावानं, एविनानं, रानाच्या कागदासाठी अर्ज केला. पाहणीला साहेब आले आणि रानाच्या कडेला थांबून म्हणाले, "इथं तर काहीच नाही."

"काही नाही कसं?" मेंगे पुढं झाली. "ही आमच्या आईची पायवाट. दरसाल तेल निघतं इथून."

"बाई, पायवाटेवर मालकी कशी लिहू? लागवड दाखवा, घर दाखवा. उभं रान सरकारचं." साहेब माणूस वाईट नव्हता, बोलताना मान खाली होती.

घरी बहीणभावांचं जुंपलं.

"आपण तोडलं नाही, तर दुसरा येऊन तोडेल," एविना म्हणाला. "आणि मालकही तोच होईल."

"दादा, आई असती तर कुऱ्हाडीपुढं आडवी झाली असती."

"आईच्या काळात कागद कुणी मागत नव्हतं."

झाडं पडायला नऊ दिवस लागले. वाळल्या फांद्यांना आग मेंगेनंच लावली. दुसऱ्या कुणी लावलेली तिला सोसली नसती. तिथं कोको लावला आणि कागद आला, तिच्या हट्टानं दोघांच्या नावाचा. शेजारच्या झांबोनं झाडं राखली. त्याचं रान शहरातल्या कुणा बड्यानं घेतलं, सगळं साफ केलं आणि तारेचं कुंपण घातलं. म्हणून दादा चुकला, असं मेंगेला म्हणता येत नाही.

आता हंगामात ती मोटारसायकलवर मागं बसून तीन तासांवरच्या भाचीच्या सासरी जाते. तिथलं रान अजून उभं आहे. पाहुणी म्हणून वेचते, निम्म्या बिया त्या घरच्यांना देते. यंदा वेचता वेचता भाचीची सासू म्हणाली, "विहीणबाई, तुमच्याकडं कागद आहे म्हणे. आम्हालाही हवाय. कसा मिळवलात?"

मेंगे हातातली बी कमरेच्या कापडाला पुसत राहिली. मग तिथंच झाडाखाली बसून तिनं सगळं सांगितलं, काहीही न लपवता.