उलटा छापलेला नकाशा

पहिला फोन आला तेव्हा ती हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात एका आजोबांचा गुडघा सरळ करत होती. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. आजोबाच म्हणाले, "घे गं बाई, कुणाचा तरी जीव अडकलाय."

फोनवर भूगोलाचे निवृत्त सर होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट म्हणाले, "अंकाच्या पान बावीसवरचा नकाशा उलटा छापलाय. आरशात बघावा तसा. मजकुरात मालधक्का डावीकडे आणि चित्रात उजवीकडे! सकाळपासून डोकं फिरायची पाळी आली माझी."

दिवसभर लोकांच्या हातापायांवर डावा-उजवा अशी शिशाची खूण ठेवणं हा तिचा पेशा. त्यात कधी चूक नाही. आणि बाबांचा शेवटचा नकाशा मात्र तिनं स्वतःच्या हातानं उलटा छापला होता.

बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. रेल्वेची छोटी मॉडेलं करणाऱ्यांसाठी त्यांनी एक त्रैमासिक सुरू केलं आणि आयुष्यभर ते जवळजवळ एकहाती चालवलं. फळीवर बसणारे रूळ कसे वळवायचे, बोगदा कशाचा करायचा, भुशाला रंग देऊन गवत कसं पसरायचं, असलं सगळं त्यात असायचं. प्रत्येक अंकात बाबांनी काढलेला एक नकाशा ठरलेला. कधी सिग्नलची केबिन, कधी पूल, कधी कर्मचाऱ्यांची घरं. ते सगळे तुकडे एकाच काल्पनिक स्टेशनचे, असं ते सांगायचे. मात्र बाबांच्या स्वतःच्या घरात वीतभर रूळसुद्धा नव्हता. दोन खोल्यांत फळी टाकायची कुठे? आई गमतीनं म्हणायची, "यांचं स्टेशन एवढं मोठं, की घरात मावत नाही."

हिवाळ्यात बाबा गेले. टेबलावर अर्धा अंक तयार होता. तो तसाच टाकून देणं तिच्या जिवावर आलं. रूळ आणि गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा यांतला फरकही तिला धड माहीत नव्हता, पण छापखानेवाल्या काकांना हाताशी धरून, नाकी नऊ येईपर्यंत खपून तिनं तो पुरा केला. नकाशा ट्रेसिंग पेपरवर होता, त्यावर एक अक्षर नव्हतं. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा. तिनं तो स्कॅनरवर पालथा ठेवला, एवढंच झालं. शेवटच्या पानावर मात्र तिनं विचारपूर्वक दोन ओळी टाकल्या होत्या: हा अंक शेवटचा. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.

अंकावर आता तिचाच नंबर होता; त्या दिवशी फोनला उसंत नव्हती. जो तो नकाशावरून सुरुवात करी. एका बाईंनी तर, त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, ऑपरेशन थिएटरच्या बाहेरूनच फोन केला. "मी आत जायच्या आधी सांगते, नाहीतर माझं लक्ष लागणार नाही. आधीच्या अंकांतल्या रुळांना हा नकाशा जोडला, तर केबिनचा जिना रुळांच्या बाजूला येतो. उतरणारा माणूस थेट गाडीखाली जाईल हो!"

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "माफ करा."

"माफ काय करायचंय? अंक आला तेव्हा मी जिन्यातच बसून वाचला. आता येणारच नाही असं धरून चालले होते. तुमच्या बाबांनी मला एकदा फोनवर तासभर बोगद्याच्या तोंडाचा दगड कसा रंगवायचा ते शिकवलं होतं. माझे वडील आजारी होते तेव्हा. त्या तासात मी बाकी सगळं विसरले होते." मग घाईनं, "बरं, जाते. पेशंट वाट बघतोय," आणि फोन बंद.

ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. बाबा संध्याकाळी फोनला चिकटून बसत म्हणून तिनं कितीदा तरी नाक मुरडलं होतं. पलीकडे कोण असतं याचा विचार कधी केला नव्हता.

दुपारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या मात्र खुशीत होत्या. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या खोलीचं दार डाव्या अंगाला. संपादकांचे नकाशे नेहमी उजवीकडे दार असलेल्या खोलीत बसणारे. हा पहिला नकाशा, जो आमच्याकडे जसाच्या तसा बसला! मी कापड कापायच्या टेबलावर खडूनं आखूनसुद्धा ठेवलाय."

"अहो, तो चुकून उलटा छापला गेलाय."

"मग अशाच चुका करत जा की!"

ती कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. रांगेतले पेशंट वळून बघायला लागले.

काम संपत आलं तेव्हा खिडकीशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. नीटनेटका सदरा, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, हातात अंक. तिनं सवयीनं विचारलं, "कशाचा एक्स-रे?"

"कशाचाच नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून छापखान्यात पत्ता विचारून आलो." त्यांनी अंक उघडला. आता नकाशाचंच निघणार म्हणून तिनं मनाची तयारी केली. पण त्यांनी शेवटचं पान काढलं आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही चूक जास्त मोठी आहे."

तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"भांडायला नाही आलो, ताई. तुमच्यावर हक्क कसला सांगणार आम्ही? तुम्ही हा अंक काढलात हेच खूप केलंत. पण एक विनंती आहे. रविवारी घरी या. वहिनींना घेऊन या. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

आईनं आधी आढेवेढे घेतले. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही दोघं बोलत बसाल आणि मी भिंती बघत बसेन." पण रविवारी तीच आधी तयार होऊन दारात उभी होती.

घड्याळवाल्यांचं दुकान खाली आणि घर वर. जिन्यात तेलाचा आणि पितळेचा वास. वरच्या मोठ्या खोलीत पलंग नाही, कपाट नाही. कमरेच्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, आणि त्यावर एक अख्खं स्टेशन. कौलारू इमारत, दोन प्लॅटफॉर्म, मालधक्का, लाकडी जिन्याची केबिन, पाण्याची टाकी, मागं उतारावर चार घरं. ती बघतच राहिली. तो पूल तिला माहीत होता. शाळेत असताना त्याच पुलाच्या नकाशावर तिनं शाई सांडली होती आणि बाबांनी तो हूं की चूं न करता पुन्हा काढला होता.

"प्रत्येक अंक आला की एक तुकडा करायचो," घड्याळवाले म्हणाले. "माझं लग्न झालं नाही. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर घर खायला उठायचं. मग दर अंकानं काहीतरी काम दिलं. संपादकांना पत्रातून किती वेळा कळवलं, बघायला या. पुढच्या महिन्यात येतो, असं लिहायचे. राहूनच गेलं."

त्यांनी कंट्रोलरचं बटण फिरवलं. बोटभर उंचीचं एक इंजिन तीन डबे घेऊन बोगद्यातून बाहेर आलं आणि डुलत डुलत प्लॅटफॉर्मला लागलं.

"एकच गोष्ट मला कधी उमजली नाही," ते म्हणाले. "हे झाड. बरोबर प्लॅटफॉर्मच्या मधोमध. त्याच्यासाठी फरशीला गोल कापलंय. असं स्टेशन कोण बांधेल? मी पत्रातून विचारलं, तर उत्तर आलं, असू दे, ते झाड हलवायचं नाही."

मागून काही आवाज आला नाही, म्हणून तिनं वळून पाहिलं. आई फळीच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकली होती. डोळे त्या झाडावर.

"आई, काय झालं?"

"हे आमचं स्टेशन आहे," आई म्हणाली. "माझे वडील इथं स्टेशनमास्तर होते. ते शेवटचं घर दिसतंय ना, ते आमचं. त्या खिडकीत मी अभ्यासाला बसायची."

आई सांगत राहिली, हळूहळू, आठवेल तसं. "तुझे बाबा ही टाकी मोजायला आले होते. मोजमापात असे गढले की परतीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मग दुसरी गाडी येईपर्यंत त्या झाडाखाली बसले. वडिलांनी मला त्यांच्यासाठी पाणी न्यायला सांगितलं. मी गेले, तर कागदावर हेच झाड काढत होते. मी म्हटलं, झाड कसलं, हे तर केरसुणीसारखं दिसतंय!"

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, पुन्हा काढतो. पुढच्या आठवड्यात परत आले, झाड काढायला." आई हसली आणि पदरानं डोळे टिपले. "इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे नकाशे काढत होते, आणि मला पत्ता नाही. अगं, वरून काढलेल्या रेघा त्या! छपराचा चौकोन आणि झाडाचं वाटोळं. वरून बघून आपलं घर कुणी ओळखतं का? आणि यांनी तरी तोंडानं सांगावं की नाही?"

"सांगायचे नाहीत," ती म्हणाली. "कदाचित त्यांना वाटलं असेल, तुला माहीतच आहे."

आईनं घड्याळवाल्यांकडे पाहिलं. "तुम्ही हे केलं नसतंत तर मी अशीच राहिले असते हो. कळलंच नसतं मला." तिनं हात जोडले.

ते गृहस्थ पार गडबडून गेले. "अहो वहिनी, मी नुसती फळी कापली. तुमच्याच स्टेशनावर मी इतकी वर्षं राहतोय. आभार मी मानायचे." मग काय करावं न सुचून त्यांनी गाडी पुन्हा एक फेरी फिरवली.

गाडी बोगद्यात शिरेपर्यंत आई सावरली होती. चष्मा पुसून ती बारकाईनं बघायला लागली. "खिडक्या तपकिरी नव्हत्या पण. हिरव्या होत्या. आणि टाकीच्या खांबांवर वेल चढलेला होता."

"कुठला हिरवा?" घड्याळवाल्यांनी लगेच खण उघडून रंगांच्या बाटल्या पुढं मांडल्या. "फिका की गडद? आणि वेल कुठल्या खांबावर? फुलं कुठल्या रंगाची?"

दोघांची जुंपली. ती खिडकीशी बसून ऐकत राहिली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच बाबांचं नाव निघाल्यावर तिच्या छातीत दुखलं नव्हतं. उलट कुणीतरी हातात काहीतरी आणून ठेवल्यासारखं भरून आलं होतं. त्या उलट्या नकाशाचे, त्या वैतागलेल्या सरांचे, थिएटरच्या दारातल्या डॉक्टरबाईंचे, सगळ्यांचेच आभार मानावेत असं तिला वाटलं.

"काका," ती म्हणाली, "पुढचे अंक काढणं मला एकटीला नाही जमायचं. माझी नोकरी आहे. आणि मला यातलं कळत नाही, ते तर छापूनच आलंय."

घड्याळवाल्यांच्या हातातला ब्रश थांबला. "एकटीनं कोण करायला सांगतंय? नकाशे तपासायला भूगोलवाले सर एका पायावर तयार होतील. चुका काढायची त्यांना हौसच आहे. डॉक्टरबाई रंगकामावर लिहितील. मी फोटो देईन, लागतील ते काढून देईन. तुम्ही फक्त सगळं गोळा करून छापखान्यात पोचवा."

"आणि या स्टेशनाबद्दल?" तिनं विचारलं. "ते कोण लिहिणार?"

"मी सांगते, तू लिही," आई मान वर न करता म्हणाली. तिनं घड्याळवाल्यांच्या हातून ब्रश काढून घेतला होता आणि श्वास रोखून पहिली खिडकी रंगवायला घेतली होती. "पण आधी मला जरा उजेड द्या."

घड्याळवाल्यांनी टेबलावरचा दिवा उचलून जवळ धरला.