तीन किलोमीटर परदेश

मी एक पांढरी डिलिव्हरी व्हॅन बोलतेय. पांढरी हे फक्त कागदावर. माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'स्वच्छता हीच आमची ओळख' असं लिहिलंय, पण धुळीमुळे ते बऱ्याच वर्षांत कुणाला वाचता आलेलं नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण फुलं वाहू, केक वाहू. पहिल्या मालकाने माझ्यातून तीन वर्षं शेळ्या नेल्या. त्या दिवसांबद्दल मी बोलत नाही. मग एका लाँड्रीवाल्याने मला घेतलं. सकाळी डोंगरावरच्या हॉटेलांना धुतलेल्या चादरी पोचवायच्या, संध्याकाळी मळलेल्या आणायच्या. चादरींवर माणसं काय काय सांडतात ते मला चांगलं ठाऊक आहे, पण माणसांची अब्रू मी राखली.

माझा ड्रायव्हर दूरच्या देशातून इथे आलेला. इतका नाकासमोर चालणारा माणूस मी पाहिला नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हा लाल सिग्नलला थांबणार. मागचे लोक हॉर्न बडवायचे आणि शिव्या मला बसायच्या.

वर जायला दोन रस्ते. एक बोगद्यातून, पण सकाळी तिथे गाड्यांची ही रांग. दुसरा जंगलातून. तो मध्येच तीन किलोमीटर शेजारच्या देशात शिरतो आणि परत आपल्या देशात येतो. तिथे ना फाटक, ना शिपाई. शिरताना एक निळी पाटी, बाहेर पडताना एक. मध्ये एक जाडजूड झाड. ड्रायव्हर रोज मला तिथे उभी करून झाडामागे जाऊन यायचा. परदेशाशी त्याचा संबंध एवढाच.

मग त्याने नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. नागरिक झाला की आईला कायमचं इकडे आणता येणार होतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिकडे एकटी, जिन्यावरून दोनदा पडलेली. अर्जात एक प्रश्न होता: गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती वेळा गेलात? याने माझ्या स्टिअरिंगवर कागद ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एकदा. आईला भेटायला. बावीस दिवस.' खाली सही ठोकली.

नोकरीचा पुरावा मालकाने दिला. उत्साहाच्या भरात त्याने माझ्यात बसवलेल्या ट्रॅकरचे पाच वर्षांचे कागदही जोडले. आपला माणूस किती राबतो ते साहेबांना दिसावं म्हणून. साहेबांना दिसलं. पत्र आलं: तुम्ही एकदा म्हणता, पण तुमची गाडी अकराशे बेचाळीस वेळा देशाबाहेर गेलेली आहे. अठ्ठावीस दिवसांत लेखी खुलासा करा, अन्यथा खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळला जाईल.

ड्रायव्हरने ते पत्र माझ्यातच बसून वाचलं आणि किल्ली फिरवायची विसरला. त्या दिवशी पहिल्यांदा चादरी उशिरा पोचल्या.

मालक म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं. ट्रॅकर बिघडला होता, असं लिहून देतो."

मला राग आला. माझी एक बाजू चेपलीय, आरसा चिकटपट्टीने बांधलाय, पण ट्रॅकर ठणठणीत होता.

ड्रायव्हरची बायको म्हणाली, "अहो, हद्द कुठे आहे ते माहीत नव्हतं म्हणा आणि मोकळे व्हा."

"पाटी रोज बघतो मी. माहीत नव्हतं कसं म्हणू?"

"मग काय लिहिणार? झाडामागे जात होतो?"

त्याने तेच लिहिलं. पाटी रोज दिसत होती. पण परदेशी जाणं म्हणजे बॅग भरणं, निरोप घेणं, असंच डोक्यात होतं. चादरी घेऊन जाताना आपण परदेशी निघालोय हे मनातच आलं नाही. चूक माझी, मालकाची नाही. लपवायचं मात्र नव्हतं. झाडाचाही उल्लेख केला. बायकोने कपाळाला हात लावला.

महिन्याभराने अर्ज तपासणाऱ्या ऑफिसातल्या मॅडम स्वतः रस्ता बघायला आल्या. मांडीवर फाइल घेऊन पुढे बसल्या आणि शेळ्यांचा वास आल्यासारखं नाक मुरडलं.

"मॅडम, आता आपण परदेशात आलो," पहिल्या पाटीपाशी तो म्हणाला.

मॅडम बाहेर बघत राहिल्या. तीच झाडं, तेच खड्डे.

"खुलाशातलं झाड हेच का? इथे किती वेळ थांबता?"

"दोन मिनिटं. थंडीत तीन."

मॅडमनी गंभीर चेहऱ्याने ते लिहून घेतलं. दुसरी पाटी आली. "आता परत आलो," तो म्हणाला. मॅडमचं पेन थांबलं. कामावर असताना देशाबाहेर जायचं तर त्यांना वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि ती त्यांनी घेतली नव्हती. त्यांनी फाइल मिटली.

"तुमच्या खुलाशाची एक प्रत मिळेल का?" शेवटी त्या म्हणाल्या. "मला माझा लिहायचाय."

अर्ज काल मंजूर झाला. माझं म्हणाल, तर माझं इंजिन बसलंय आणि उद्या मला भंगारात नेणार आहेत. आज सकाळी ड्रायव्हर माझा कप्पा रिकामा करायला आला आणि पुढच्या सीटवर बसून त्याने आईला फोन लावला. आवाज इतका मोठा ठेवला होता की मलाही सगळं ऐकू आलं. त्याने मंजुरीची बातमी दिली, मग हसत हसत पत्राची, पाटीची, मॅडमची सगळी कहाणी सांगितली. आई हसली नाही.

"पाच वर्षांत अकराशे वेळा देशाबाहेर गेलास," ती म्हणाली. "त्यात माझ्याकडे एकदा."

ऑफिसला याने चार पानं लिहून दिली होती, इथे याला एक शब्द सुचेना. मलाही वाईट वाटलं. रोज त्याला तिकडे नेत होते ती मीच होते.

"आई, चुकलंच माझं," तो अखेर म्हणाला. "काय सांगू तुला?"

"काही सांगू नकोस. न्यायला ये."

तो उतरला आणि तडक तिकीट काढायला निघाला. मला कुलूप लावायचंही राहून गेलं. राहू दे. आता मला चोरतंय कोण. येते मी.