आडवं न येण्याचा गुच्छ

डेपोत बस चालवणारी मी पहिली बाई, म्हणून आज माझा सत्कार होता. डेपो मॅनेजर माझ्याबद्दल भरभरून बोलले आणि पुष्पगुच्छ माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "यांनी परवानगी दिली नसती, तर हा दिवस उगवलाच नसता," म्हणाले. टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या, देव जाणे.

ही परवानगी मी मागितली कधी, ते आठवून आठवून डोकं शिणलं. लायसन्स मी काढलं, चाचणीत चढावर बस मागे मी घेतली. तेव्हा हा घरी पेपर वाचत होता. माणूस वाईट नाही हो. कधी आडवा आला नाही. पण आडवं न येण्याबद्दल गुच्छ मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या नोकरीला मीही कधी आडवी आले नाही. मग माझा गुच्छ कुठे अडकलाय?

सत्कार उरकून मी लगेच ड्यूटीवर चढले. तो माझ्याच बसने घरी निघाला, पुढच्या सीटवर, गुच्छ मांडीवर घेऊन. त्याच्या शेजारी बसलेल्या आजी त्याच्याकडून सगळं ऐकून मला म्हणाल्या, "नशीब काढलंस पोरी." रागवावं की आभार मानावेत? मी गिअर टाकला.

त्याचा स्टॉप आला. उतरताना गुच्छ माझ्या स्टिअरिंगपुढे ठेवत तो अगदी प्रेमाने म्हणाला, "हा येताना तूच आण. पाण्यात कशात ठेवायचा, मला काय कळतंय. आणि लवकर ये, भूक लागते."