ताईच्या न्हाणीघराचं दार

सुताराचे वैरी दोन, वाळवी आणि बुरशी. चाळीस वर्षं मी दोघींच्या हात धुऊन मागे लागलोय. आणि माझीच लेक काय करते? प्रयोगशाळेत बुरशी पाळते! जगात दुसरं काही मिळालंच नाही तिला.

पण तिचं काम ऐका. तिची बुरशी वाळक्या पेंढ्यातले चिवट तंतू फोडून त्यांची साखर करते. साखर आंबवली की मद्यार्क होतो, आणि त्यावर चक्क इंजिन चालतं. तिला सापडलेली सगळ्यात तेज बुरशी माझ्याच कारखान्यामागच्या एका कुजक्या फळीतली होती.

मग तिच्या काचेच्या बश्यांत कुठूनशी भलतीच हिरवी बुरशी शिरली आणि सगळं वाया गेलं. चाचणी दीड महिन्यावर आलेली. इंजिन चाललं नाही तर तिचं काम बंद होणार होतं. ती फळीचा नवा तुकडा न्यायला धावत आली, वास घेतला आणि मटकन खाली बसली.

"बाबा, हिला तेल कोणी लावलं?"

कोण लावणार? उघडं लाकूड दिसलं की माझे हात शिवशिवतात. बुरशी मारायचं तेल मी फळीला पाठपोट दोनदा चोपडलं होतं. तिने ओरडायला तरी हवं होतं. ती नुसती रडली.

त्याच ओंडक्याची दुसरी फळी कुठे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या न्हाणीघराच्या दारात! लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, तरी मी घाईने वापरलं. दार खालून कुजलं तेव्हा उलट तिच्याच नावाने खडे फोडले, "तू पाणी फार सांडतेस!" ती म्हणायची, थेंबसुद्धा सांडत नाही. अकरा वर्षं हे भांडण चाललं होतं.

लेकीला घेऊन तडक ताईकडे गेलो.

"ताई, ते दार हवंय."

"का? अजून दोष काढायचाय माझा?"

"लाकूड ओलं होतं, ताई. चूक माझी."

"हे ऐकायला अकरा वर्षं न लागणाऱ्या दाराला बादली टेकवून अंघोळ केली मी. ने! पण नवं दार आजच लागलं पाहिजे. वाळल्या लाकडाचं."

लेकीने खालच्या कोपऱ्यातला चिमूटभर भुगा नेला. चार दिवसांनी फोन आला, "बाबा, तीच आहे!"

चाचणीला ताई आणि मी मागे उभे होतो. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. लेकीचा चेहरा असा फुलला की माझे डोळेच भरून आले. एवढं मोठं काम माझ्या पोरीने केलं होतं!

तिच्या साहेबांनी विचारलं, "ही बुरशी मिळाली कुठे?"

"एका जुन्या दारात," लेक म्हणाली. बापाला सांभाळून घेत होती.

"माझ्या हातचं दार, साहेब," मी मोठ्याने म्हणालो. "ओलं लाकूड वापरलं होतं मी."

ताईने मला कोपराने ढोसलं. "आणि पाणी खरंच मी सांडायचे, तेही सांग की!"