अर्धेलीने दिलेला पाहुणा

आमच्या युराकलोमा गावात मेंढी अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, देण्याची रीत फार जुनी आहे. ज्याला कुरण नाही त्याने आपली मेंढी कुरणवाल्याकडे ठेवावी. देताना ती तोलावी आणि मुदत सरल्यावर पुन्हा तोलावी. मेंढी भरली असेल तर पाळणाऱ्याची वाहवा. रोडावली असेल तर त्याच दिवशी तिचे दावे सोडून दुसऱ्या दारी बांधावे. काटा बोलतो आणि माणसे ऐकतात. तो काटा वाचण्याचे काम गेली एकतीस वर्षे माझ्याकडे आहे. गावातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणणाराही मीच. देवापुढे जी जीभ चालते ती काट्यापुढे खोटे बोलणार नाही, अशी लोकांची श्रद्धा.

या रीतीचा विस्तार मनुष्यापर्यंत होईल, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

योरिस हॉलंडहून आला तो डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी नळाने गावात आणण्याच्या कामाला वर्षभर विनामोबदला हातभार लावण्यासाठी. ज्या संस्थेने त्याला पाठवले तिच्या बाई त्याला गावसभेचे अध्यक्ष नार्सिसो यांच्या स्वाधीन करताना म्हणाल्या, "हा आमचा ठेवा आहे. जसा दिलाय तसाच धडधाकट परत करा." नार्सिसो शब्दाला जागणारा गृहस्थ. बाईंची जीप वळणाआड जाताच तो म्हणाला, "द्यायचं, सांभाळायचं, परत करायचं. ही तर अर्धेलीच झाली. आणा काटा!"

चर्चच्या पडवीतल्या तुळईला काटा टांगला, पोंचोची झोळी केली आणि त्या सव्वासहा फुटी तरुणाला गुडघे पोटाशी घ्यायला लावून तीत बसवले. हा स्वागताचा विधी असावा असे समजून त्याने छातीवर हात ठेवला आणि सर्वांचे आभार मानले. मी वाचले, "एकाहत्तर किलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे डोळे भरून आले.

तो राहायला गेला एदेलमिराच्या घरी. ती माझ्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी. दोन्ही मुलगे शहरात गेले ते तिकडचेच झाले; स्वयंपाकघरात तिच्या बोलण्याला उत्तर देणारे उरले होते ते चुलीभोवती फिरणारे गिनीपिग. योरिस आल्यापासून मात्र कुंपणापलीकडून रोज सकाळी तिचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि तो आवाज तिच्या लग्नाच्या वर्षी होता तसा होता. तीन महिन्यांनी पुन्हा तोलायचे ठरले होते. तो रोडावला, तर त्याचे बिऱ्हाड ओबदुलियाकडे जाणार होते. ओबदुलियाच्या हाती दिलेली मेंढी आजवर कधी उतरली नव्हती. तिने पहिल्याच आठवड्यात एक खोली चुन्याने रंगवून ठेवली.

एदेलमिराने भोजनाचा यज्ञ आरंभला. पहाटे सातूच्या पिठाची पेज, मग उकडलेले बटाटे, मग मका, दुपारी जवाचे सार आणि पुन्हा बटाटे. योरिस सुस्वभावी. ताटातले टाकले तर घरधनीण दुखावते, एवढे तो पहिल्याच दिवशी शिकला होता.

"मावशी, पोट भरलं हो."

"कुठे भरलंय? दिसत तर नाही. हा एवढा बटाटा घे, लहान आहे."

"हा लहान?"

"बाकीचे बघ आधी, मग बोल."

परंतु विधिलिखित निराळे होते. पहिल्या पंधरवड्यातच त्याचे पोट बिघडले आणि आठ दिवस त्याने पेजेखेरीज काही पाहिले नाही. त्यातून उठला तो थेट चरावर गेला. झऱ्यापासूनचा चर गावातल्या सर्व घरांनी मिळून खणायचा होता. प्रत्येक घराचा हिस्सा खुंट्या मारून ठरलेला. एदेलमिराच्या घरचा हिस्सा योरिसकडे आला. आमच्या गावाच्या उंचीवर परक्या माणसाला जिना चढतानाही धाप लागते. हा दिवसभर कुदळ मारी. जे आत जाई ते घामावाटे बाहेर पडे. त्याची विजार दोरीने बांधावी लागली, तेव्हा एदेलमिराने ती दोरी पाहिली आणि चुलीपाशी मटकन बसली.

तोलण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाकल्याच्या शेंगा तोडत होतो. ती बांधावर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमची नजर आता पहिल्यासारखी राहिली नसेल, नाही?"

"देवाच्या कृपेने ठीक आहे."

"चार-पाच किलो इकडचं तिकडं दिसण्याइतकीही बिघडली नाही?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. "एदेलमिरा, ज्या तोंडाने तुझ्या नवऱ्यासाठी नऊ दिवस प्रार्थना म्हटल्या, त्याच तोंडाने मी आकडा वाचतो."

"तेच तोंड माझ्या हातचं सार पण पितं, भाऊजी," ती म्हणाली आणि निघून गेली. मी खरोखरच लज्जित झालो. त्या दिवशी माझ्याकडे सार आले नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सारे गाव पडवीत जमले. ओबदुलिया नवी घोंगडी काखेत घेऊनच आली होती. योरिस चालत आला, पण त्याची चाल मला गाभण गाईसारखी वाटली.

"लेकरा, खिसे रिकामे कर," मी म्हणालो.

त्याने निमूटपणे एकेक वस्तू काढून पायरीवर ठेवली. चार उकडलेली अंडी. चिजाचा गोळा. भाजलेल्या बाकल्याच्या दोन पुरचुंड्या. सहा बटाटे. शेवटी सदऱ्याच्या आतून एक वरवंटा.

"हा कशाला रे?" नार्सिसोने विचारले.

योरिसने एदेलमिराकडे पाहिले. "मावशी म्हणाल्या, वाटेत भूक लागेल."

"वरवंट्याची?"

"माझ्या घरापासून चर्च लांब आहे," एदेलमिरा मान वर करून म्हणाली. तिचे घर चर्चच्या समोर आहे.

योरिस झोळीत बसला. काटा थरथरला, स्थिरावला. मी क्रूसाचे चिन्ह केले आणि वाचले, "सहासष्ट."

ओबदुलियाने घोंगडीची घडी मोडली. "चल बाळा," ती म्हणाली. "तुझी खोली तयार आहे. पाच किलो म्हणजे एक अख्खं कोकरू उतरलं गं बाई."

एदेलमिराने झोळीची दोरी धरली. मला वाटले, आता रडेल. पण तिने चर्चच्या उघड्या दारातून आत बोट दाखवले. आत आमचे ग्रामदैवत, शेतकऱ्यांचे पाठीराखे संत इसिद्रो, नांगराच्या बैलजोडीसह उभे आहेत.

"नार्सिसोभाऊ, त्या बैलांना कधी कुणी तोललंय?"

"बैलांना कशाला तोलतील? बैल नांगरटीवर जोखतात."

"मग माझ्या पोराला का तोललं? तो काय लोकर द्यायला आलाय? तीन महिने चरावर राबतोय. मेंढी असती तर सावलीत बसून भरली असती!"

नार्सिसोने टोपी काढून डोके खाजवले. प्रश्न शास्त्राचा होता. कुणी म्हणाले, दोन पायांचा असल्याने तो दोन्ही नव्हे. कुणी म्हणाले, झोळीत मावला म्हणजे मेंढीच. योरिस झोळीतूनच आळीपाळीने सर्वांची तोंडे पाहत होता. अखेर नार्सिसोने मला विचारले, "सेबेरोतात्या, तुम्ही सांगा."

मी सावकाश म्हणालो, "काट्याने आपले सांगितले, ते खरेच आहे. परंतु काटा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रश्नच चुकला असेल, तर चर मोजावा."

सारे गाव डोंगर चढले. एदेलमिराच्या घरचा हिस्सा चाळीस हात. योरिसची कुदळ एका विशिष्ट तिरप्या घावाने ओळखू येते. तो घाव चाळीस हातांवर थांबेना. शंभरावर गेला, तेव्हा आम्ही ओबदुलियाच्या खुंट्या ओलांडून पुढे निघालो होतो.

"हे काय?" नार्सिसो म्हणाला.

ओबदुलियाने घोंगडी या काखेतून त्या काखेत घेतली. "जावयाचा गुडघा दुखत होता. पोरगं आपणहून म्हणालं, मी खणतो."

"आणि तुम्ही त्याला काय खायला दिलंत?" एदेलमिराने विचारले.

"...पाणी दिलं होतं."

नार्सिसोने टोपी डोक्यावर ठेवली. "बैल आहे. एदेलमिराकडेच राहील."

उतरताना योरिसने मला हळूच विचारले, "आजोबा, काय ठरलं?"

"तू बैल ठरलास, लेकरा."

"म्हणजे आता मला तोलणार नाहीत?"

"कधीच नाही."

त्याने इतका दीर्घ श्वास सोडला की दोरीसकट विजार घसरली. त्या दुपारी मलाही साराचे निमंत्रण होते. योरिस प्रसन्न होता. त्याने एक बटाटा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसरा, या घरात प्रथमच, हळूच ताटाच्या कडेला सारला.

"मावशी, आता वजनाची काळजी नाही ना?"

एदेलमिराने पळीने तो बटाटा त्याच्यासमोर परत ढकलला आणि शेजारी चौथा ठेवला.

"मेंढीला एवढं पुरलं असतं," ती म्हणाली. "खा."