आर्द्रेची चाचणी

बारा पेट्या सील होऊन भिंतीशी ओळीने उभ्या होत्या आणि एका सहीखेरीज त्यांचे काहीच अडलेले नव्हते. ती सही, चाचणीच्या प्रमाणपत्रावरची, नुजहत आतारने करायची होती. नसरापूरला हमरस्त्याच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या छताखाली, सुलक्षणा देशमाने यांचा हा छोटा कारखाना. माणसे सात, आणि त्यांत यंत्रांचा कोड लिहिणाऱ्या दोघीच: स्वतः सुलक्षणा मॅडम, आणि दोन वर्षांपासून रोज भोरहून येणारी नुजहत. २००५ सालचा सप्टेंबर उतरणीला लागला होता. शनिवार होता. सोमवारी सरकारी तपासनीस येणार होता.

पेट्यांत भोंगे होते. वेल्ह्याच्या डोंगरातले ओढे पावसाळ्यात बघता बघता चढतात आणि त्यांच्यावरच्या फरशा, म्हणजे ठेंगणे फरशीपूल, पाण्याखाली जातात. पाणी खुणेवर आले की पेटीने भोंगा द्यायचा, म्हणजे एसटीचा ड्रायव्हर अलीकडेच थांबेल, शाळेतून परतणारी पोरे पाण्यात पाय घालणार नाहीत. वर सौर पत्रा, खाली बॅटरी, आत तळहाताएवढा संगणक. पाली गावाखालच्या फरशीवर नमुन्याचे एक यंत्र जूनपासून चालत होते आणि पावसाळाभर ते चुकले नव्हते. ही बारा यंत्रे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसायची होती.

भोंगा कधी वाजवायचा हे ठरवणारा कोड मॅडमनी कर्नलच्या आत लिहिला होता. कर्नल म्हणजे यंत्राचा सर्वांत खोलवरचा थर. बाकीचे सारे त्याच्या आधाराने चालते. वरच्या थरात चूक झाली तर कर्नल तिला आवरतो. कर्नलमध्येच चूक झाली तर आवरणारे कोणी उरत नाही. म्हणून या क्षेत्रातली माणसे त्याच्याविषयी काहीशा भक्तिभावाने बोलत: त्याची सुटी चाचणी होत नाही, यंत्रावर चढवायचा आणि चालतो का पाहायचे. नुजहतला हा भक्तिभाव कधीच मानवला नाही. जिथे चुकीला वाचा नाही, तिथेच ती आधी शोधायला हवी, असे तिला वाटे.

याचे मूळ बहुधा घरात होते. तिचे अब्बा, हनीफ आतार, भोरच्या पेठेत विहिरीवरच्या जळक्या मोटारी पुन्हा भरून देत. तांब्याच्या तारेची प्रत्येक कॉइल खोबणीत बसवण्याआधी ते दिव्याला जोडून पाहत. गिऱ्हाईक खोळंबून कुरकुरले तरी त्यांचा हात घाई करत नसे. "आख्खी मोटार भरल्यावर जळाली, तर कुठली कॉइल खोटी व्हती ते काय मोटारीला इचारायचं?" एवढेच ते म्हणत.

नुजहतने तेच केले. भोंग्याचा निर्णय घेणारा कोड तिने कर्नलमधून अलगद सोडवला आणि साध्या संगणकावर एकटा उभा केला. त्याला पाण्याची खोटी पातळी दिली, खोटा भोंगा दिला, आणि आपल्या हाताने हवे तसे फिरवता येईल असे खोटे घड्याळ दिले. मग एकेक छोटी चाचणी लिहिली. पाणी चढले: वाजला का? उतरले: थांबला का? अशा चाळीस चाचण्या झाल्या. मॅडम हसल्या होत्या. "भातुकली चांगली मांडलीयस," म्हणाल्या होत्या.

भातुकलीने ऑगस्टमध्ये पहिली चूक पकडली. जुलैत पालीकरांनी तक्रार केली होती की भोंगा मिनिटामिनिटाला कोकलतो. म्हणून मॅडमनी एक ओळ वाढवली होती: एकदा वाजला की पुढचा अर्धा तास गप्प. हा अर्धा तास कर्नलच्या ठोक्यांवर मोजला जाई. सेकंदाला शंभर ठोके. आकडा वाढत जातो, चारशे सत्त्याण्णव दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नुजहतने खोटे घड्याळ अगदी काठोकाठ आणून ठेवले, भोंगा वाजवला आणि आकडा उलटू दिला. तो अर्धा तास संपेचना. संपायला सव्वा वर्षाहून अधिक लागले असते.

मॅडमनी चूक मान्य केली आणि दोन वेळांतली कोणती आधीची हे ठरवणारी, कर्नलमध्येच मिळणारी तयार तुलना तिथे बसवली. जगभर तीच वापरतात. चाळीसच्या चाळीस चाचण्या पास झाल्या, बारा पेट्यांत कोड भरला गेला, पाणी शिरू नये म्हणून आत राळ ओतली गेली आणि झाकणे कायमची बसली.

सारे तिथेच संपले असते. पण गेल्या मंगळवारी नमुन्याच्या यंत्राची एक सैल तार बघायला नुजहत पालीला गेली. फरशीच्या कडेला रखमाजीचे घर. यंत्रावर लक्ष ठेवायचे काम त्याच्याकडे होते. त्याची बायको फुलाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"तुजा भोंगा आमच्या म्हाताऱ्यावानीच हाय बग," ती म्हणाली. "एकदा वरडला की अर्धा तास गप."

"आन तुला त्यो अर्धा तासबी लागत न्हाई," रखमाजी तारेची गाठ धरून म्हणाला.

नुजहत हसली. पक्कड पिशवीत टाकता टाकता तिने सहज विचारले, "काका, फरशीवरनं पाणी शेवटचं कधी जातं?"

"हत्तीच्या पावसात. हस्त सरला की वढा बसला म्हनायचा."

"आणि पुन्हा कधी चढतं?"

"मिरगात नुसती भुई भिजती. फरशी बुडती ती आर्द्रात. म्या बारका हुतो तवापास्नं ह्येच."

"गेल्या साली आर्द्रातच साळूबाई वाहून निगाली व्हती," फुलाबाई म्हणाली. शेंगा फोडणारा हात थांबला होता. "पदर गजाला आडाकला म्हून ऱ्हायली. तवा मान्सं पान्याकडं बगून पाय टाकायची. आता कोन बगतंय? भोंगा न्हाई वाजला म्हंजे वाट मोकळी. समदी कानावं चालत्यात."

परतीच्या जीपमध्ये, दोन बायका आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या मध्ये अवघडून बसलेल्या नुजहतला ते वाक्य टोचत राहिले. भोंग्याने गावाला एक नवी सवय लावली होती: शांततेवर विश्वास ठेवण्याची. आजवर तिने आवाजाच्या चाचण्या लिहिल्या होत्या. शांततेची एकही लिहिली नव्हती.

हस्त लागतो सत्तावीस सप्टेंबरला, आर्द्रा बावीस जूनला. मध्ये दोनशे अडुसष्ट दिवस. शुक्रवारी तिने एक्केचाळिसावी चाचणी लिहिली आणि तिचे नाव ठेवले 'आर्द्रा'. भोंगा एकदा वाजवला, खोटे घड्याळ दोनशे अडुसष्ट दिवस पुढे नेले, फरशीवर पाणी आणले.

भोंगा वाजला नाही.

तिने पुन्हा चालवली. मग एकेक दिवस मागे येत गेली. दोनशे अठ्ठेचाळीस दिवसांपर्यंत तो वाजत होता. दोनशे एकोणपन्नासाव्या दिवशी मुका. कारण उलगडायला वेळ लागला नाही. तयार तुलना ठोक्यांचा आकडा घड्याळाच्या चकतीसारखा पाहते: काटा एखाद्या खुणेपासून अर्ध्या चकतीच्या आत पुढे असेल तर ती खूण मागे पडली असे धरते, अर्ध्या चकतीहून पुढे गेला, तर ती खूण अजून यायचीच आहे असे समजते. चारशे सत्त्याण्णवाचे अर्धे म्हणजे दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस, आठ महिन्यांहून थोडे अधिक. मागच्या हस्तातला अर्धा तास यंत्राला आर्द्रेत पुन्हा यायचा भासत होता, आणि त्याची वाट पाहत ते इमानाने गप्प बसले होते. यंत्र नवेकोरे बसवले आणि एकदाही वाजले नाही, तरी मोजणी सुरू होई ती बसवल्या दिवसापासून. ऑक्टोबरात बसणाऱ्या बाराही पेट्या जूनमध्ये, नेमक्या पाणी चढायच्या वेळी, मुक्या होणार होत्या.

जिथे बारमाही पाणी चढत-उतरत राहते तिथे ही चूक कधीच उघडी पडली नसती. इथला ओढा आठ महिने मरून राहतो म्हणून ती इथली होती.

शनिवारी सकाळी तिने नापास निकालाचा छापील कागद मॅडमपुढे ठेवला.

"आर्द्रा?" मॅडमनी वाचले. "कर्नलच्या चाचणीला नक्षत्राचं नाव. आता पंचांग पण भरायचं का यंत्रात?"

"पंचांग नको, मॅडम. नुसतं दोनशे अडुसष्ट दिवस पुढचं घड्याळ लावा."

"ही तुलना माझी नाही. हजारो लोक वापरतात."

"ते मिनिटा-दोन मिनिटांसाठी वापरतात. आपण तिला आठ महिने थांबायला लावतोय."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्यांना कळले होते. त्यांच्या ओठांची एक कड आत वळली तेव्हाच नुजहतने ते ओळखले. आणि म्हणूनच पुढचे ऐकताना तिला राग आला.

"नमुना चार महिने चालला. सगळ्यांनी पाहिलाय."

"चारच महिने."

"शिवाय सलग आठ महिने इथं काय चालतं? भारनियमन—"

"सौर आहे. 'वीज गेली तरी वर्षभर अखंड.' पत्रकावर तुम्हीच छापलंय."

"मग महिन्यातून एकदा बंद करून चालू करायला सांगू गावांना."

"छापा तसं. 'हे यंत्र दर महिन्याला बंद करावे, न केल्यास जूनमध्ये ते मुके होईल.' त्याच्याखाली मी आत्ता सही करते."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "राळ फोडायची म्हणजे काय, माहितीय तुला? दोन-तीन यंत्रं तरी त्यात मोडतील. तपासणीची तारीख गेली की पुढची डिसेंबरात. तोवर हे काम दुसऱ्या कोणाला जाईल, आणि तो एकही चाचणी लिहिणार नाही. मग तुझ्या पालीला काय मिळेल?"

हे खरे होते, आणि खरे असल्यामुळे अवघड होते. पुण्यात तीन ठिकाणी नुजहतला नाकारले होते तेव्हा याच बाईने, नाव-गाव न विचारता, तिच्यापुढे एक बिघडलेले यंत्र ठेवले होते आणि ते दुरुस्त झाल्यावर खुर्ची दिली होती. साऱ्या तालुक्यात हे काम करणारी दुसरी जागा नव्हती. ही खुर्ची गेली तर कर्नल तिच्या आयुष्यातून गेला.

"चाळीस पास आहेत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ही एक काढून टाक. सही कर. डिसेंबरात आपण दोघी मिळून बघू."

"डिसेंबरात राळ मऊ होणार आहे का?"

"नुजहत."

"चाचणी काढली तर चूक जात नाही, मॅडम. नुसती दिसेनाशी होते. आणि फरशीवरची माणसं हल्ली डोळ्यांनी चालत नाहीत."

तिने प्रमाणपत्र बाजूला सारले. पेन उचलले आणि नापास निकालाच्या कागदाखाली सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खाली तारीख. तो कागद तिने तपासनिसाच्या फाइलीत सर्वांत वर लावला आणि फाइल बंद केली.

मॅडम उभ्या राहिल्या. "सोमवारपासून येऊ नकोस."

"तसं लिहून द्या."

"काय?"

"नोकरीवरून काढल्याचं पत्र. मी राजीनामा देणार नाही. आणि त्यात कारण लिहा."

बाहेर हमरस्त्यावर एक टेम्पो गिअर बदलत चढाला लागला. मॅडमनी खण ओढून कारखान्याच्या नावाचा कोरा कागद घेतला. तारीख लिहिली. 'कु. नुजहत हनीफ आतार' लिहिले. दोन ओळी भराभर झाल्या. मग 'कारण' हा शब्द झाला, त्यापुढे दोन टिंबे झाली आणि पेन थांबले.

नुजहत उभीच होती. मॅडमनी पेन उचलले, टेकवले, पुन्हा उचलले. त्यांना शब्दांची वाण कधी पडत नसे. पण त्या दोन टिंबांपुढे लिहिता येईल असे प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याला सरळ फाइलीतल्या वरच्या कागदाकडे घेऊन जाणार होते. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली, आणि ती मुठीत धरून पेट्यांच्या ओळीकडे पाहत राहिल्या.

"एक पेटी फोडायला किती वेळ लागतो?"

"जपून फोडली तर दीड तास."

"आणि दुरुस्ती?"

"दोन ओळींची. अर्धा तास संपला की गप्प राहायची खूणच पुसून टाकायची, म्हणजे जुनी वेळ कोणाशी ताडून बघायलाच नको. पण आधी तिच्या चाचण्या."

"अजून एक?"

"तीन," नुजहत म्हणाली.

मॅडमनी तपासनिसाचा नंबर शोधायला वही उघडली. "काय सांगू त्याला?"

"जे कागदावर आहे ते," नुजहत म्हणाली, आणि पहिली पेटी ओढून उजेडात घेतली.